बोडखी, कोरडी आणि दोन विहिरी

धाडला जाणारी सकाळची पहिली गाडी बुलढाण्याहून पावणेसातला निघते. मी एसटीत कंडक्टर आहे. साडेसहाला तिकीट मशीन गळ्यात अडकवून फलाटावर उभी असते, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या लेकीची जेवणाची सुट्टी होते. ती न्यूझीलंडला एका वृद्धाश्रमात नर्स आहे. आपल्याकडे साडेसहा, तेव्हा तिकडे दुपारचा एक. ती डबा खात बोलते, मी चहा पीत. दहा मिनिटं पुरतात. जास्त वेळ मिळाला तर आम्ही भांडतो.

त्या सोमवारी तिनं चहा घेतला का, असलं काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "आई, आपला डोंगर कोणता?"

"आपला कुठी डोंगर आहे? सव्वा एकर वावर आहे, तेही भावकीत."

"तसं नाई व. गावामागचा डोंगर. त्याचं नाव काय?"

"काऊन? इकत घेतं का?"

मग तिनं सांगितलं. तिला तिथं रुजू होऊन दीड महिना झाला होता. येत्या शुक्रवारी नव्या कर्मचाऱ्यांचं स्वागत होतं, आणि त्यात प्रत्येकानं उभं राहून तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीनं आपली ओळख करून द्यायची होती. या पद्धतीत स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी सांगायचं, माझा डोंगर अमुक. मग माझी नदी अमुक. मग गाव, मग माणसं, आणि सगळं सांगून झाल्यावर मी अमुक.

मला हे पटलं. गाडीत चढणाऱ्यालाही मी आधी नाव विचारत नाही, कुठून कुठे ते विचारते.

लेकीनं कागदावर लिहून ठेवलं होतं, माझा डोंगर हिमालय, माझी नदी गंगा. आणि तिच्या वॉर्डातल्या एका माओरी आजीसमोर तिनं ते म्हणूनही दाखवलं. आजी ऐंशीच्या पुढची, पायानं अधू, पण डोक्यानं खणखणीत. तिनं विचारलं, "हिमालय चढलीस का?" नाही. "गंगेचं पाणी प्यायलीस का?" नाही. "मग दुसऱ्याचा डोंगर कशाला उचलून आणलास? शुक्रवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

"हिमालयाले कशाले गेली तू?" मी म्हणाले. "तिथं आपलं कोण आहे?"

"मंग काय सांगू आई? आपल्याकडं सांगण्यासारखं काय आहे?"

याचा मला राग आला. पण गाडी लागली होती, राग काढायला वेळ नव्हता. शिवाय पोर खरंच घाबरली होती. माझी लेक सलाईन लावताना हात हलू देत नाही, पण चार माणसांपुढं उभं केलं की तिचं तोंड शिवल्यासारखं होतं. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत सगळं येत असून गप्प उभी राहिली होती. शुक्रवारी पन्नास-साठ माणसं, म्हाताऱ्यांची घरची मंडळी, साहेब, सगळे बसणार होते. खोटं बोलायला तर ती आणखीच अडखळते. तिला खरा डोंगर हवा होता, आणि चार दिवसांत.

मंगळवारी तिनं त्या आजीकडून ऐकलेली तिकडची नावं सांगितली. ती राहते ते गाव पापाकुरा. पापा म्हणजे जमीन, कुरा म्हणजे लाल. लाल माती, म्हणून लाल जमीन. वाइ म्हणजे पाणी. (आपल्याकडे सातारा बाजूला वाई आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी लगेच विचारून घेतलं.) वाइरोआ म्हणजे लांब पाणी. वाइवेरा म्हणजे गरम पाणी, तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. मौंगा म्हणजे डोंगर आणि नुई म्हणजे मोठा, म्हणून मौंगानुई. रोतो म्हणजे तळं आणि रुआ म्हणजे दोन, किंवा दुसरं. तर रोतोरुआ म्हणजे दुसरं तळं. पार वर हवाई बेटांवरही याच घराण्यातली भाषा आहे. तिथं डोंगराला मौना म्हणतात, आणि ज्याच्या डोक्यावर बर्फ पडतं तो मौना केआ, पांढरा डोंगर.

"बस, इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच. एका गावाचं नाव वाइकिनो आहे. म्हणजे वाईट पाणी."

"अन् बदललं नाई कोणी?"

"नाई ना."

मला ही माणसं आवडली. दोन फाट्यांमधला थांबा दाखवायला मी अशीच नावं वापरते. जळका निंब. पुलाच्या अलीकडं. मशीनवर छापून येतं ते नाव वेगळं आणि प्रवाशाला समजतं ते वेगळं. ही नावं कोणी बसून ठरवलेली नसतात. तिथं जे दिसतं तेच तोंडात बसतं. चिखली म्हणजे चिखल, त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

पण गावामागच्या डोंगराचं नाव विचारायला गेले आणि माझी गाडी ग्रामसभा झाली.

आम्ही बुलढाण्यात दोन खोल्यांत राहतो ते माझ्या ड्युटीसाठी. घर गावात आहे, धाडच्या अलीकडे, आणि गाव माझ्याच रूटवर आहे. गावामागं एक टेकाड आहे. सगळे त्याला बोडखी म्हणतात. बोडखी म्हणजे उघड्या डोक्याची. मला ते नाव चांगलं वाटत नव्हतं. परक्या देशात, परक्या लोकांपुढं माझी लेक असलं काही सांगणार? म्हणून मंगळवारच्या परतीच्या फेरीत, गाडी निम्मी रिकामी असताना, मी विचारलं की या नावाचा मूळ अर्थ काय असेल.

पुढच्या सीटवर निवृत्त गुरुजी होते. ते रोज बुलढाण्याला जातात. काय कामाला ते कोणी विचारत नाही. त्यांनी चष्मा काढला. "बोडखी हा अपभ्रंश आहे. मूळ नाव बोधकगिरी. इथं ऋषींनी शिष्यांना बोध केला."

मागून माझे चुलत दीर उठून उभे राहिले. "गुरुजी, ऋषी कुठून आले इथं? बोधीगिरी आहे ते. अजिंठ्याले जाणारे भिक्खू इथं मुक्काम करत होते. अजिंठा कितीसा दूर आहे?"

"पुरावा काय?"

"तुमच्या ऋषीचं आधारकार्ड आहे का?"

गाडी हसली. गुरुजीही हसले, पण हटले नाहीत. घाट चढेपर्यंत दोघांनी एक गुहा, एक आश्रम आणि एक बुजलेलं भुयार शोधून काढलं. आरशातून ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडम, अजून दोन स्टॉप गेले तं तिथं राजधानी निंघन."

मी हसले, पण खरं सांगायचं तर बोधीगिरी मला भावलं. आम्ही बौद्ध. आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून दिसणारा डोंगर भिक्खूंचा निघाला तर मला नको होतं असं नाही. बुधवारी सकाळी मी लेकीला तसं सांगून टाकलं. ती तर हरखलीच. "आई, हे मस्त आहे! हेच सांगते. बोधीगिरी. ऐकाले पण भारी वाटते."

एक दिवस आमच्याकडं भिक्खूंचा डोंगर होता.

त्याच दिवशी दुपारच्या फेरीला भाजीवाल्या काकू चढल्या. वांग्याचं पोतं दारात ठेवलं, मेथीची पाटी मांडीवर घेतली, आणि आदल्या दिवशीची चर्चा त्यांच्या कानावर गेलेली असल्यानं तिकीट घेण्याआधीच म्हणाल्या, "काय व कंडक्टर बाई, बोडखीवर ऋषी अन् भिक्खू दोघंई आणून बसवले म्हणे?"

"गुरुजी म्हणत होते."

"गुरुजी गेले का कधी वर? माह्या मायनं त्या डोंगरावर शेण येचलं, मी येचलं. सावलीले एक झाड नाई. बोडखी नाई तं काय म्हणावं? पदर घेतला का तिनं डोक्यावर?" मग माझ्याकडं बघून, "तू गेली का वर?"

मी मशीनमध्ये बघत तिकीट काढलं. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. वीस मिनिटांच्या चढाचा डोंगर, आणि मी एकदाही वर गेले नव्हते. त्या आजीनं माझ्या लेकीला विचारलेला पहिलाच प्रश्न मलाही लागू होता.

"अन् नाल्याले काय म्हणता काकू?"

"कोरडी. पावसाळ्यात तीन महिने वाह्यते, मंग कोरडी. त्यातई कोणाचा ऋषी बसवू नका आता."

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते. सकाळचं पाणी भरून मी गावाकडं गेले, जावेच्या हातची भाकर खाल्ली आणि चप्पल बदलून बोडखीवर चढायला लागले. जाऊ म्हणाली, "काऊन, तिकीट तपासाले जाऊन राह्यली का?" मी कारण सांगितलं नाही, सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावात तिसरा अर्थ निघाला असता.

वर काही नाही. काळा दगड, मधे मधे पिवळं गवत, वारा. मी गुहा शोधली, खोटं कशाला बोलू. एक कपार होती, त्यात शेळी मावली असती, भिक्खू मावला नसता. पलीकडच्या उताराला मात्र सीताफळीची झुडपं दाट होती. गावाच्या बाजूनं ती दिसतच नाहीत. तिथं दगडावर बसून मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिची ड्युटी नुकतीच संपली होती.

"बाई, भिक्खूचं काई दिसत नाई इथं," मी फोन फिरवत म्हणाले. "बोडखी ते बोडखीच आहे. पाह्य, झाड तं नाई एक. फक्त इकडं ही सीताफळं."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, नीट दिसत नसेल.

मग म्हणाली, "त्या मोठ्या दगडाखाली पाह्य. सपाट आहे थोडा. तिथं आम्ही सीताफळं पिकाले लपवत होतो."

"आम्ही म्हणजे कोण? तू कधी आली इथं?"

"चौथीपासून. दर दिवाळीच्या सुट्टीत. तुले सांगत होती ना, मैत्रिणीकडं अभ्यासाले चालली."

आता पंचवीस वर्षांच्या पोरीला, तेही समुद्रापलीकडच्या, चौथीतल्या खोटेपणाबद्दल काय बोलायचं? तरी मी बोलले. ती हसत होती. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच हसत होती.

"म्हणजे मी चढली आहे आई," ती म्हणाली. "आजीनं विचारलं तं मी हो म्हणू शकते. बोधीगिरीवर नाई चढली मी. बोडखीवर चढली."

"मंग बोडखीच सांग. अन् नदी विचारली तं कोरडी. तिचं पाणी तुह्या नाकातोंडात गेलं आहे, पाचवीत असताना. तुह्या बापानं बाहेर काढलं."

"नदी, अन् नाव कोरडी. हसतीन लोक."

"हसू दे. त्यांच्याकडं वाईट पाणी आहे ना?"

गावाचं काय, तिनं विचारलं. मी फोन खालच्या बाजूला धरला. वरून आमची वस्ती छान दिसते. पत्रे, नवं विहार, आणि तिच्या दोन बाजूंना दोन विहिरी, दोन्हींवर आता जाळ्या. एक वर, दगडी बांधाची, ती गावाची. दुसरी खाली, कोरडीच्या काठाला, ती आमची. घरोघर नळ आल्यापासून दोन्हीकडं कोणी फारसं जात नाही.

"गाव म्हणून दोन विहिरीच सांगते," ती म्हणाली. "आपण दोन विहिरीचेच ना."

हो म्हणाले मी. इथं मला एक गोष्ट सांगायला हवी होती, पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितली नाही. उन्ह वाढलं होतं.

गोष्ट अशी. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वस्तीच्या थांब्याला जातीच्या नावानं ओळखत. जात, आणि पुढं वाडा. कंडक्टर तेच ओरडत, उतरणारेही उतरत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटलं तरी बोलत नव्हतं. या रूटवर माझी पहिली ड्युटी लागली तेव्हा थांबा आला आणि ते नाव माझ्या तोंडातून निघेना. स्वतःच्या घराला मी तसं हाकारणार नव्हते. खिडकीतून पाहिलं तर विहिरी दिसल्या. मी ओरडले, "दोन विहिरी!"

कोणी हललं नाही. मी पुन्हा ओरडले. ड्रायव्हर मागं वळून बघतोय, प्रवासी एकमेकांकडं बघताहेत. मी डबल बेल दिली. गाडी अर्धा किलोमीटर गेल्यावर चुलत दीर, हेच बोधीगिरीवाले, झोपेतून उठल्यासारखे ओरडले, "वहिनी, आपलं गाव गेलं ना! थांबवली काऊन नाई?"

"थांबवली होती. दोन विहिरी म्हणून ओरडली ना मी."

"दोन विहिरी कुठी आली व?"

"तुम्ही जलमले तिथं."

डोक्यावर खताची पिशवी घेऊन ते अर्धा किलोमीटर मागं चालत गेले, आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी बरोबर उतरले. मी रोज दोनदा ओरडत राहिले. दुसरे कंडक्टर आधी हसले, मग सोयीचं म्हणून तेही तसंच म्हणायला लागले. वर्ष-दीड वर्षात तिकीट मागणारेच म्हणायला लागले, दोन विहिरी एक द्या. नंतर ग्रामपंचायतीनं वस्तीला महापुरुषाचं नाव दिलं. ते चांगलंच झालं. मशीनवर तेच येतं. पण त्या नावाची नगरं तालुक्यात किती तरी आहेत, म्हणून उतरताना सगळे दोन विहिरीच म्हणतात. माझ्या लेकीला हे नाव पहिल्यापासूनचं वाटतं. तिला समज आली तेव्हा ते रुळलेलंच होतं.

शुक्रवारी फलाटावर मी सव्वासहालाच पोचले. तिचा कार्यक्रम आपल्या पहाटे होऊन गेलेला असणार होता. साडेसहा झाले, फोन नाही. सहा पस्तीस. चहा गार झाला. मी ठरवून टाकलं की ती गप्प उभी राहिली आणि आता रडत असेल. मग काय बोलायचं हेही ठरवलं. फोन आला सहा सदतीसला.

"आई, झालं."

"बोलली का?"

"बोलली. पहिले कागद उलटाच धरला होता. मंग ती आजी समोर दिसली, चाकाच्या खुर्चीत, हातात काठी. म्हटलं, आता हिमालय नाई सांगायचा. बोडखी सांगितली, अर्थ सांगितला. आजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, टेकडी आहे तं मौंगा नको म्हणू, पुके म्हण. पुके म्हणजे टेकडी."

"अन् कोरडी?"

"लोक हसले. मीई हसली. त्यानंच बरं वाटलं व आई. मंग दोन विहिरी सांगितलं, तुमची सगळ्यांची नावं सांगितली, शेवटी माह्यं. खाली बसली तं घामानं भिजली होती."

मी बरं म्हणाले. माझा आवाज फलाटभर गेला असावा, कारण चौकशीच्या खिडकीतून कंट्रोलरनं मान बाहेर काढली.

"पण आजीचं संपलं नाई," ती पुढं बोलत होती. "जेवताना तिनं बोलावून घेतलं. म्हणे, दोन विहिरी कशाला? मी सांगून टाकलं सगळं. एक गावाची, एक आपली, अन् त्यांच्या विहिरीले आपल्याले हात लावू देत नव्हते. ती म्हणाली, मग नाव बरोबर आहे. बस, तेवढंच. मंग दोन प्रश्न विचारले, अन् दोन्ही मले आले नाई. उद्यापर्यंत उत्तर आण म्हणे."

"विचार लवकर, गाडी लागली."

"पहिला, हे नाव कोणी ठेवलं? मी म्हटलं, लय जुनं आहे, माहीत नाई."

"मी ठेवलं."

"तू म्हणजे?"

"मी म्हणजे मी. गाडीच्या दारात उभी राहून. तुह्या काकाले विचार, त्याले अर्धा किलोमीटर चालावं लागलं होतं. बाकी उद्या सांगते. दुसरा काय?"

"काकाले आजच विचारते," ती म्हणाली. "दुसरा, दोन विहिरीपैकी गोड पाणी कोणत्या विहिरीचं?"

याचं उत्तर गावातलं शेंबडं पोरगंही देईल. "आपल्या," मी म्हणाले. "कोरडीच्या काठाले आहे ना, खालून झरा आहे. त्यांची होळीलेच आटते. उन्हाळ्यात सगळं गाव आपल्या विहिरीवर येत होतं, गुरुजीच्या घरचे सुद्धा. सांग तिले."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी फोन ठेवला, गार चहा पिऊन टाकला आणि गाडीत चढले. बाजाराचा दिवस होता, उभं राहायला जागा नव्हती. परतीला गुरुजी बसतात त्या पुढच्या सीटवर भाजीवाल्या काकू होत्या, बुलढाण्याच्या मंडीतून माल घेऊन निघालेल्या. त्यांनी विचारलं, "काय मग, ऋषी का भिक्खू, कोण निघालं बोडखीवर?"

"माही पोरगी," मी म्हणाले, आणि तिकिटं काढायला लागले.

तासाभरानं आमचा थांबा आला. मशीनच्या पडद्यावर नगराचं नाव होतं. मी दारात उभी राहून नेहमीसारखं ओरडले, "दोन विहिरी!" पाच जण उतरले. मी डबल बेल दिली.